आकाशातील वाहतूक आणि रिकाम्या खुर्च्या

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि मुंबई व नागपूर या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेघ पट्टीने ओढा. सुमारे ६८० किलोमीटरची ही रेघ वाशीम जिल्ह्याच्या उत्तर कडेजवळून, कारंजा लाडच्या थोडी वरून जाते. खरी विमाने इतक्या सरळ रेषेत जात नाहीत. त्यांना ठरलेले मार्ग असतात, आणि वादळी ढग आले की त्या मार्गांनाही वळसे पडतात. तरीही वाशीम, मंगरूळपीर किंवा मालेगावच्या माणसाने निरभ्र रात्री मान वर केली, तर लुकलुकणारे दिवे सरकताना दिसतात. वाशीमहून अकोला रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहे. एस.टी.ला तेथे पोचायला दीड-दोन तास लागतात. तेवढेच अंतर जेट विमान सहा मिनिटांच्या आत कापते.

एवढ्या वेगाने जाणारी विमाने एकमेकांवर का आदळत नाहीत? आकाश अफाट आहे म्हणून, असे उत्तर पुष्कळजण देतील. ते अपुरे आहे. विमाने मोजक्याच शहरांकडे, मोजक्याच मार्गांनी आणि मोजक्याच उंचीवरून जातात; त्यामुळे अफाट आकाशातही चौक तयार होतात. या चौकांत दिवा नसतो आणि शिपाईही नसतो. दूर कुठेतरी एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेला माणूस ही वाहतूक सांभाळतो. तो हवाई वाहतूक नियंत्रक. वाशीमला प्रवासी विमानतळ नाही, पण आपल्या डोक्यावरून जाणारे प्रत्येक प्रवासी विमान अशाच कोणा नियंत्रकाच्या नजरेखाली असते.

या नियंत्रकांची संख्या आज अनेक देशांत अपुरी पडते आहे, आणि भारतही त्याला अपवाद नाही. 'माणसे कमी आहेत, तर भरती करा' एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. तो का सुटत नाही हे समजायला शाळेतले गणित पुरेसे आहे. ते गणितच आज आपण करणार आहोत.

नियंत्रक करतो काय?

नियंत्रकांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला विमानतळाच्या मनोऱ्यात बसतो. काचेतून धावपट्टी पाहून कोणते विमान केव्हा उडेल व केव्हा उतरेल, हे तो ठरवतो. दुसरा विमानतळाभोवतालच्या आकाशातील चढणारी-उतरणारी विमाने सांभाळतो. चारी दिशांनी येणारी विमाने एका रांगेत आणणे हे त्याचे काम. तिसरा दोन शहरांमधल्या उंच आकाशातील वाहतूक पाहतो. वाशीमवरून दहा किलोमीटर उंचीवर जाणारे विमान या तिसऱ्या प्रकारच्या नियंत्रकाकडे असते.

दोन विमानांमध्ये किती अंतर हवे, याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. एकाच उंचीवरील दोन विमानांत, रडारची सोय असलेल्या उंच आकाशात, साधारणपणे ५ सागरी मैल म्हणजे सुमारे ९ किलोमीटर अंतर ठेवतात. विमाने एकमेकांच्या वर-खाली असतील, तर निदान १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर अंतर लागते. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर २,००० फूट असे, कारण तेवढ्या उंचीवर हवा विरळ होते आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाची अचूकता घटते. पुढे उपकरणे सुधारली आणि नोव्हेंबर २००३ पासून भारताच्या आकाशातही हे अंतर १,००० फुटांवर आले. त्यामुळे २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी सात 'मजले' होते, ते तेरा झाले. आकाश न वाढवता जागा जवळजवळ दुप्पट झाली! मात्र या सर्व मजल्यांवर नजर ठेवणारे डोळे आपोआप दुप्पट झाले नाहीत.

नियंत्रकाला विमान दिसते ते रडारच्या पडद्यावर. साधे रडार रेडिओलहरी सोडते आणि विमानावर आपटून येणारा प्रतिध्वनी टिपते. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने जातात. म्हणून १५० किलोमीटर दूर असलेल्या विमानाचा प्रतिध्वनी एका सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येतो. पण अशा रडारने विमान कोठे आहे एवढेच कळते. ते कोणते आणि किती उंचीवर, हे कळत नाही. त्यासाठी दुय्यम रडार लागते. ते विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील उपकरण आपला चार आकडी सांकेतिक क्रमांक व उंची उत्तरादाखल कळवते. या क्रमांकात ० ते ७ हेच अंक वापरतात, म्हणून एकूण क्रमांक ८ × ८ × ८ × ८ = ४,०९६ होतात.

उंची न दिसण्याचा अर्थ काय, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिसले. उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. ते त्याखाली गेले आणि १४,००० फुटांवरून जाणाऱ्या सौदी विमानावर आदळले. ३४९ माणसे गेली. नियंत्रकाच्या सूचना बरोबर होत्या, पण विमानाची खरी उंची त्याला पडद्यावर दिसत नव्हती. तेव्हापासून भारतात दुय्यम रडार, येण्या-जाण्याचे वेगळे मार्ग आणि विमानातील टक्करविरोधी उपकरण यांवर भर आला.

जोड्यांचे गणित

एका नियंत्रकाकडे ५ विमाने आहेत असे समजा. 'पाच विमानांचे काम' असे आपण म्हणू. पण नियंत्रकाचे लक्ष एकेकट्या विमानावर नसते. हे विमान त्या विमानाच्या जवळ जाईल का, असा प्रश्न त्याला सतत पडलेला असतो. म्हणजे त्याला विमानांच्या जोड्या तपासाव्या लागतात. वर्गातील प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले तर किती हस्तांदोलने होतील, हे गणित तुम्ही केले असेल. येथेही तेच सूत्र लागते. विमानांची संख्या न असेल, तर जोड्या होतात न × (न − १) ÷ २.

आता आकडे मांडून पाहू. ५ विमानांच्या १० जोड्या, १० विमानांच्या ४५, १५ विमानांच्या १०५ आणि २० विमानांच्या १९० जोड्या होतात. विमाने दुप्पट झाली की जोड्या चौपटीहून थोड्या अधिक होतात.

नियंत्रकांच्या कमतरतेचे मर्म येथे आहे. उंच आकाशाचे विभाग पाडलेले असतात आणि एकेका विभागाला नियंत्रक असतो. दोन शेजारच्या विभागांत दहा-दहा विमाने आहेत असे धरा. प्रत्येक नियंत्रकाकडे ४५ जोड्या आहेत. एके दिवशी त्यांतला एकजण आला नाही आणि बदली माणूसही नाही. मग दोन विभाग जोडून एकाच खुर्चीकडे देतात. त्या एका माणसाकडे आता २० विमाने आणि १९० जोड्या आल्या. दोघांचे काम एकाने केले, तर ते दुप्पट झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते चौपटीच्या वर गेले!

अर्थात यांतल्या पुष्कळ जोड्या एकमेकींपासून दूर असतात. अनुभवी नियंत्रक त्या क्षणात बाजूला सारतो. पण बाजूला सारण्यासाठीही एकदा पाहावे लागतेच. शिवाय बोलण्याची मर्यादा निराळी. एका विभागातील सर्व विमाने एकाच रेडिओ-लहरीवर बोलतात, आणि एका वेळी एकालाच बोलता येते. नियंत्रक सूचना देतो, वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. याला दहा-पंधरा सेकंद लागले, तर मिनिटात चार ते सहा संभाषणेच होतील. माणूस कितीही हुशार असला, तरी मिनिटाचे सेकंद साठच राहतात.

मग विभागांचे तुकडे करीतच गेलो तर? तेही फार पुढे जात नाही. विमान एका विभागातून दुसऱ्यात जाताना एकाने दुसऱ्याकडे सोपवावे लागते. विभाग फार लहान केले, तर हे सोपवणेच मुख्य काम होऊन बसेल. म्हणून विभाग योग्य आकाराचे हवेत, आणि गर्दीच्या वेळी प्रत्येक खुर्चीत माणूस हवा.

एका खुर्चीला किती माणसे?

'खुर्ची एक, माणूस एक' असे शाळेच्या कार्यालयात चालेल. आकाशाला सुट्टी नसते. वर्षाचे तास किती? २४ × ३६५ = ८,७६०. एवढे तास ती खुर्ची भरलेली हवी.

आता एका नियंत्रकाचे वर्ष पाहू. पुढील आकडे आपण हिशेबापुरते धरू. आठवड्याला दोन सुट्ट्या, म्हणजे १०४ दिवस गेले, उरले २६१. रजा, सण व आजारपण यांचे ३६ दिवस वजा केले की २२५ उरतात. उजळणी, सराव व परीक्षा यांचे १५ दिवस वजा केले की २१०. रोज आठ तास धरून १,६८० तास झाले. पण आठही तास सलग पडद्यासमोर बसता येत नाही. ब्रिटनच्या नियमांत, सलग दोन तास काम झाले की अर्धा तास विश्रांती, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. भारतातही नियंत्रकांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातलेली आहे. अडीच तासांपैकी दोन तास म्हणजे ८० टक्के. १,६८० चे ८० टक्के १,३४४.

८,७६० ला १,३४४ ने भागा. उत्तर येते साडेसहा. म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या एका खुर्चीला जवळजवळ सात प्रशिक्षित माणसे लागतात! दहा खुर्च्या असतील तर पासष्टाच्या वर. सात जणांऐवजी पाच असले, तर खुर्ची रिकामी दिसत नाही, कारण पाच जण रजा सोडून, विश्रांती कापून ती भरत राहतात. बाहेरून सर्व ठीक दिसते. कमतरता खुर्चीत न दिसता माणसाच्या थकव्यात साठत जाते.

थकव्याला विज्ञानात महत्त्वाचे स्थान आहे. आपल्या शरीरात चोवीस तासांचे एक घड्याळ चालते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते, आणि सावधपणाही याच वेळी सर्वांत मंदावतो. रात्रपाळीचा नियंत्रक नेमका तेव्हा पडद्यासमोर बसलेला असतो. इच्छाशक्तीने झोप थोपवता येते, पण झोपेची थकबाकी इच्छाशक्तीने फिटत नाही.

उबरलिंगेनची रात्र

हे सारे कागदावरचे गणित नाही. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील उबरलिंगेन गावावर, सुमारे ३५,००० फुटांवर, दोन विमाने एकमेकांवर आदळली. एक मालवाहू बोइंग होते. दुसरे रशियन तुपोलेव्ह होते आणि त्यातील बहुतेक प्रवासी सुट्टीसाठी स्पेनला निघालेली शाळकरी मुले होती. दोन्ही विमानांतील सर्व ७१ जण मृत्युमुखी पडले.

या आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिचहून होत असे. त्या रात्री पाळीवर दोघे नियंत्रक होते. रहदारी विरळ म्हणून त्यांतला एक विश्रांतीला गेला. रात्री असे करण्याची तेथे बरीच वर्षे पद्धत पडली होती, आणि वरिष्ठांना ती माहीत होती. राहिलेला एकटा नियंत्रक दोन पडद्यांवर आणि दोन रेडिओ-लहरींवर काम करीत होता. त्याच वेळी दुरुस्तीसाठी मुख्य दूरध्वनी बंद ठेवला होता आणि टक्कर होण्याआधी इशारा देणारी संगणक-सोयही पूर्ण चालू नव्हती. उशिरा आलेले एक तिसरे विमान जवळच्या विमानतळावर उतरू पाहत होते. त्याला मार्ग देण्यात नियंत्रक गुंतला होता. धोका लक्षात आला, तेव्हा टक्कर होण्यास एक मिनिटही उरले नव्हते. त्याने तुपोलेव्हला खाली येण्यास सांगितले. विमानातील टक्करविरोधी उपकरण मात्र तुपोलेव्हला 'वर जा' आणि बोइंगला 'खाली जा' असे सांगत होते. बोइंगने उपकरणाचे ऐकले, तुपोलेव्हने नियंत्रकाचे. दोन्ही विमाने खाली आली.

चौकशीत एकट्या नियंत्रकावर बोट ठेवून विषय संपवला गेला नाही. एका माणसावर दोन माणसांचे काम पडू देणारी पद्धतही दोषी ठरली. २००७ मध्ये तेथील न्यायालयाने नियंत्रण करणाऱ्या कंपनीतील चार जणांना शिक्षा सुनावली. जगभर नियमही पक्का झाला. टक्करविरोधी उपकरणाची सूचना आली, तर वैमानिकाने नियंत्रकाच्या सूचनेपेक्षा तीच पाळावी.

आज पेरले, उद्या मळणी?

माणसे कमी आहेत हे कळले. मग लगेच भरती का होत नाही?

आपल्या भागातील मुलांना हे चटकन समजेल. सोयाबीन पेरले की शंभर-सव्वाशे दिवसांत घरात येते. संत्र्याची बाग लावली, तर पहिले फळ दिसायला चार-पाच वर्षे थांबावे लागते. नियंत्रक हे सोयाबीनचे पीक नव्हे, संत्र्याची बाग आहे. निवड झालेला तरुण आधी प्रशिक्षण-केंद्रात हवामानशास्त्र, विमानांची रचना, नियम व रडार शिकतो, मग कृत्रिम पडद्यावर सराव करतो. त्यानंतर एखाद्या विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून खऱ्या विमानांवर काम शिकतो. परीक्षा उतरला की त्याला परवानगी मिळते, तीही त्याच ठिकाणच्या त्याच कामाची. नागपूरचा नियंत्रक मुंबईला बदलून गेला, तर त्याला तेथील मार्ग, डोंगर, धावपट्ट्या नव्याने शिकून पुन्हा परीक्षा द्यावी लागते. या सर्वांत वर्षे जातात.

आणखी एक अडचण आहे. शिकवणार कोण? तर खुर्चीत बसलेले अनुभवी नियंत्रकच. त्यांची संख्या कमी असेल, तर शिकवायला त्यांना सवड नसते. शिकवणे मंदावले की नवे नियंत्रक उशिरा तयार होतात. ते उशिरा आले की जुन्यांवरचा भार वाढतो. बी-बियाणेच खाऊन टाकल्यासारखे हे होते.

अमेरिकेत याचा मोठा धडा मिळाला. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तेथील सुमारे १३,००० नियंत्रकांनी पगार व कामाचे तास यांसाठी संप केला. अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि परत न आलेल्या ११,००० हून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. उरलेले नियंत्रक, पर्यवेक्षक व लष्करातील माणसे यांच्यावर काम चालवले गेले आणि विमानांच्या फेऱ्या कमी करण्यात आल्या. घडी पूर्ववत बसायला अनेक वर्षे लागली. गोष्ट तेथेच थांबली नाही. पुढच्या काही वर्षांत हजारो तरुण एकदम भरती झाले. अमेरिकेत नियंत्रकाला ५६ व्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. एकाच सुमारास आलेली माणसे एकाच सुमारास निवृत्त होऊ लागली, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी कमतरतेची दुसरी लाट आली. तळ्यात दगड टाकला की लाटा काठावर आपटून परत येतात, तसेच हे. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत ओक्लाहोमा शहरातील तेथील प्रशिक्षण-केंद्र काही महिने बंद पडले. त्याचाही परिणाम पुढे जाणवला.

म्हणून नेम असा की, भरती दरवर्षी थोडी थोडी आणि सारख्या प्रमाणात व्हावी. पाच वर्षांनी किती विमाने असतील आणि किती जण निवृत्त होतील, हे पाहून आज बाग लावावी.

आपल्या देशात

भारतात हे काम प्रामुख्याने भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. देशाचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई अशा चार मोठ्या क्षेत्रांत विभागलेले आहे. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये देशात ७४ विमानतळ चालू होते. २०२५ पर्यंत ते दीडशेच्या वर गेले. वाशीमच्या जवळचेच उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरी २०१८ मध्ये तेथे एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली. चोवीस तासांची मिनिटे १,४४० आहेत. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एक विमान!

लहान विमानतळावर दिवसाला एक-दोन विमाने उतरली, तरी धावपट्टी, वारा आणि आकाश यांची खबर देणारे प्रशिक्षित माणूस लागतेच. विमानतळ वाढले तशा खुर्च्या वाढल्या. माणसे त्या वेगाने वाढली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने हवाई सुरक्षेवरील आपल्या अहवालात नियंत्रकांची अपुरी संख्या, कामाचा ताण आणि थकवा यांकडे लक्ष वेधले. प्राधिकरणाने या कामासाठी २०२२ मध्ये ४००, २०२३ मध्ये ४९६ आणि २०२५ मध्ये ३०९ जागांच्या जाहिराती काढल्या. संत्र्याच्या बागेचे गणित लक्षात घेतले, तर या जाहिरातींची फळे काही वर्षांनी हाती येणार हे उघड आहे.

उपाय कोणते?

पहिला उपाय आपण पाहिलाच, तो म्हणजे सातत्याने भरती आणि प्रशिक्षणाच्या अधिक सोयी. प्राधिकरणाची प्रशिक्षण-केंद्रे प्रयागराज व हैदराबाद येथे आहेत, आणि तिसरे आपल्या विदर्भातच, गोंदियाजवळ बिरसी येथे आहे.

दुसरा उपाय यंत्रांचा. दोन विमाने जवळ येण्याची शक्यता संगणक आधीच मोजतो आणि इशारा देतो. तोंडी सूचनांऐवजी लेखी संदेश थेट विमानात पाठवता येतात. त्यामुळे रेडिओवरील गर्दी कमी होते. पण यंत्रावर विसंबून माणसे कमी करता येतील का? ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली विमानतळावर उड्डाणांचे संदेश नियंत्रकांना आपोआप पोचवणारी संगणक-यंत्रणा बिघडली. हे काम हातांनी करावे लागले आणि ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला. यंत्र चालू असताना माणसे जास्त वाटतात. ते बंद पडले की तीच कमी पडतात.

तिसरा उपाय दूरस्थ मनोऱ्याचा. धावपट्टीभोवती कॅमेरे लावायचे आणि दूरच्या केंद्रात बसून त्यांच्या चित्रांवरून विमानतळ चालवायचा. स्वीडनमधील अर्न्शोल्ड्स्विक या लहान विमानतळावर २०१५ मध्ये याची जगातील पहिली सुरुवात झाली. लंडन शहर विमानतळाचा मनोरा २०२१ पासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या केंद्रातून चालतो. दिवसाला मोजकीच विमाने येणाऱ्या लहान विमानतळांना ही पद्धत विशेष उपयोगी ठरू शकेल, कारण तेथे खुर्ची भरलेली असली तरी बराच वेळ काम नसते.

चौथा उपाय आकाशाची मांडणी बदलण्याचा. देशाचे उंच आकाश चार तुकड्यांत न ठेवता ते नागपूरहून एकसंधपणे सांभाळावे, अशी योजना प्राधिकरणाने पुढे आणली आहे. तिचे नाव 'ईशान'. नागपूरला हा मान नवा नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल-सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा हा फायदा आहे.

पाचवा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत नावडता. माणसे कमी असतील, तर विमाने कमी सोडायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी खर्चाची मंजुरी अडली आणि नियंत्रक पगाराविना काम करू लागले. गैरहजेरी वाढली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये सुमारे ४० मोठ्या विमानतळांवरील फेऱ्या कमी करण्यात आल्या. प्रवासी वैतागले, पण ते जमिनीवर वैतागले. उशीर झालेले विमान शेवटी पोचते. जागा भरल्या नाहीत आणि फेऱ्याही कमी केल्या नाहीत, तर उरलेले ओझे कुठे तरी जातेच, आणि ते जाते खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांवर. नियंत्रकांच्या कमतरतेचा खर्च टाळता येत नाही. तो पैशात द्यायचा, वेळात द्यायचा की धोक्यात, एवढेच आपल्या हाती असते.

हे काम कोणाला करता येते?

या कामासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. इंग्रजी स्पष्ट बोलता यावे लागते, कारण वैमानिक कोणत्याही देशाचा असू शकतो. परीक्षेबरोबर आवाजाची व आरोग्याची चाचणी होते. वाशीम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या शाळेत आज सापेक्ष वेगाची उदाहरणे सोडवणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या या खुर्चीत बसू शकेल. त्या खुर्च्या भरायच्या आहेत, आणि त्यांना तुमच्यासारखी माणसे हवी आहेत.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर फक्कीने सुमारे वीस मीटर बाजूचा चौरस आखा. चार विद्यार्थी 'विमाने' होऊन चार बाजूंनी निघतील आणि संथ पावलांनी समोरच्या बाजूला जातील. एकजण 'नियंत्रक' म्हणून बाजूला स्टुलावर उभा राहील. नियम तीन. विमान थांबू शकत नाही. फक्त डावीकडे, उजवीकडे, हळू किंवा भरभर चालू शकते. नियंत्रकाने एका वेळी एकाचेच नाव घ्यायचे आणि त्या विमानाने सूचना परत म्हणून दाखवायची. कोणतीही दोन विमाने तीन पावलांपेक्षा जवळ आली की एक चूक धरायची. मग विमाने सहा करा, आठ करा, आणि प्रत्येक वेळी चुका मोजा. शेवटी चौरसाचे दोन भाग करून दोन नियंत्रक नेमा आणि पुन्हा मोजा. विमानांची संख्या आडव्या अक्षावर व चुका उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. आलेखाची रेघ सरळ येते की वर वळते, ते शिक्षकांशी बोलून पाहा.

सोडवा

१. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा वेग प्रत्येकी ताशी ८५० किलोमीटर आहे आणि त्यांच्यात ९ किलोमीटर अंतर आहे. ती किती सेकंदांत भेटतील?

२. एका नियंत्रकाकडे १४ विमाने आहेत. एकूण जोड्या किती? विभागाचे दोन समान भाग केले, तर दोघांकडे मिळून किती जोड्या राहतील?

३. एका विमानतळावर दोन खुर्च्या रोज १६ तास चालवायच्या आहेत. वरील हिशेबाप्रमाणे एक माणूस वर्षाला १,३४४ तास खुर्चीत बसतो. किती माणसे लागतील?

उत्तरे : १. सुमारे १९ सेकंद. २. ९१ जोड्या, विभागल्यावर ४२. ३. ११,६८० ÷ १,३४४ = ८.७, म्हणून ९ माणसे.